सहा महिने गोळ्या कशासाठी? क्षयरोगाच्या उपचारांमागचे संशोधन

क्षयरोगाचे निदान होऊन गोळ्या सुरू झालेल्या घरात साधारण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एक प्रश्न हमखास निघतो. खोकला थांबलेला असतो, संध्याकाळी चढणारा बारीक ताप गेलेला असतो, तोंडाला चव आलेली असते, वजनकाटाही थोडा पुढे सरकलेला असतो. तरीही रोज सकाळी त्या गोळ्या घ्यायच्या, लघवी केशरी झालेली पाहायची आणि मळमळ सोसायची. ‘आता तर बरे वाटते आहे, मग अजून चार महिने कशासाठी?’ असे रुग्ण विचारतो आणि घरचेही विचारतात. आरोग्य केंद्रात त्याला बहुधा ‘कोर्स पूर्ण करायलाच हवा’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. सहा महिने हा आकडा कोणी अंदाजाने ठरवलेला नाही. तो रुग्णांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांतून, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्समधून निघाला आहे आणि त्यातल्या एका निर्णायक चाचणीत मद्रासच्या दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब माणसांचा वाटा आहे. तो आकडा कसा निघाला हे नीट समजले, तर गोळ्या गिळण्यामागचे कारणही समजते, आणि कारण समजलेला माणूस कोर्स सहसा अर्धवट सोडत नाही, असे मला मनापासून वाटते.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. त्यानंतर साठ वर्षे त्या जंतूला मारणारे औषध कोणाच्याही हाती नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढेच उपचार होते आणि त्यासाठीच सॅनिटोरियम उभी राहिली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या पिढीच्या आजही लक्षात आहे ते याच कारणाने. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि पहिल्यांदा आशा निर्माण झाली. मात्र क्षयरोगात एक मोठी अडचण असते. काही रुग्ण औषधाविना आपोआप सुधारतात, काही अचानक खालावतात, त्यामुळे औषध घेतलेला एखादा रुग्ण बरा झाला तर तो औषधाने बरा झाला की तसाही झाला असता, हे सांगता येत नाही.

ही अडचण सोडवण्यासाठी ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये सुरू झालेली चाचणी वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. युद्धानंतरच्या त्या काळात ब्रिटनकडे स्ट्रेप्टोमायसिन इतके थोडे होते की ते सर्वांना देणे शक्यच नव्हते. दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा क्षय असलेले १०७ तरुण रुग्ण निवडण्यात आले. कोणाला इंजेक्शने द्यायची आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या मनावर सोपवले नाही. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आधीच यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने, वाटप ठरवून ते बंद लिफाफ्यांत ठेवले होते. ही पद्धत निष्ठुर वाटू शकते, परंतु तिच्यामागे माणसाच्या स्वभावाची नेमकी जाण आहे. निवड डॉक्टरांच्या हाती राहिली असती, तर ज्याच्यात जीव धरण्याची शक्यता दिसते त्याला औषध देण्याकडे कळतनकळत कल झुकला असता आणि मग औषधाचे श्रेय खरे किती, हे कधीच उमगले नसते. एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही कोणता फोटो कोणत्या गटातला, हे सांगितलेले नव्हते.

सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी ४ जण दगावले होते आणि केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ जणांपैकी १४. औषध काम करते हे सिद्ध झाले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खरा धडा मात्र पुढे मिळाला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावलेले होते आणि दोघांतील फरक बराच कमी झाला होता. उपचार घेतलेल्या बहुतेकांच्या बेडक्यातील जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम होणे थांबले होते. क्षयाच्या एका मोठ्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांत कोणत्याही एका औषधाला दाद न देणारे मोजके जंतू आधीपासूनच असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि हे मोजके वाढून त्यांची जागा घेतात. दोन वेगळी औषधे एकत्र दिली, तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू मिळण्याची शक्यता अत्यल्प होते. लवकरच पॅस नावाचे औषध आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हाती आले आणि औषधे जोडीनेच द्यायची हा नियम पक्का झाला. आज एकाच गोळीत अनेक औषधे का असतात आणि त्यांतले ‘जे सोसत नाही’ ते एकटेच वगळून का चालत नाही, याचे उत्तर याच अनुभवात आहे.

आता मद्रासकडे वळू, कारण जगभरातील क्षयरुग्णांचे आयुष्य बदलणारा पुरावा तिथे मिळाला. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तिथे एक केंद्र सुरू केले. चेन्नईच्या चेटपेट भागातील आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. भारतात रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर, अशी स्थिती होती. म्हणून केंद्रातील संशोधक वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रश्न घेतला की तीच औषधे घरी दिली तर चालेल का. १९३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. निम्मे सॅनिटोरियममध्ये राहिले, निम्मे आपापल्या घरी, आणि सर्वांना वर्षभर आयसोनियाझिड व पॅस ही दोन औषधे देण्यात आली.

या दोन गटांच्या परिस्थितीत केवढे अंतर होते, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सॅनिटोरियममधील रुग्णाला पलंग, विश्रांती आणि पोटभर सकस आहार मिळत होता. घरचा रुग्ण एकाच खोलीत कुटुंबासह झोपत होता, कित्येकदा कामालाही जात होता आणि त्याच्या ताटात जेमतेम अन्न होते. तो औषध खरोखर घेतो का, हे पाहण्यासाठी कर्मचारी न कळवता घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना तपासून त्यात औषधाचा अंश आहे का ते पाहत. रुग्णाच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचा हेतू त्यामागे नव्हता. औषध घेतलेच नाही आणि औषध चालले नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या नसत्या तर सगळी चाचणीच वाया गेली असती.

वर्षाअखेरीस सॅनिटोरियममधील ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग जंतूंच्या तपासणीनुसार शांत झालेला होता. सॅनिटोरियममधील रुग्णांचे वजन अधिक वाढले, पण जंतू नाहीसे होण्यात फार अंतर पडले नाही. सर्वांत मोठी भीती घरातील मुलामाणसांविषयी होती. पुढे कित्येक वर्षे या कुटुंबांवर लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा रुग्णाला घरी ठेवल्यामुळे घरच्यांमध्ये अधिक क्षय झाल्याचे दिसले नाही, कारण संसर्गाचा धोका प्रामुख्याने निदान होण्यापूर्वीच असतो आणि औषध सुरू झाल्यावर तो झपाट्याने उतरतो. माणसाला दूर डोंगरावर किंवा गावाबाहेर ठेवण्याची गरज उरली नाही. निदान झालेल्या माणसाची भांडी वेगळी करणाऱ्या आणि त्याला ओसरीवर झोपवणाऱ्या घरांना हा निष्कर्ष साठाहून अधिक वर्षे उलटूनही पोहोचलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

घरी उपचार शक्य झाले, पण मुदत अजून वर्ष-दीड वर्षाची होती आणि इतके दिवस गोळ्या घेणे कोणालाही अवघड जाते. मुदत कमी करता येईल का, याचा शोध पूर्व आफ्रिकेत १९७० मध्ये सुरू झालेल्या चाचणीने लावला. तिथे सहा महिन्यांचे वेगवेगळे उपचार वेगवेगळ्या गटांना देण्यात आले आणि औषधे थांबल्यानंतर रोग किती जणांत उलटतो, हे मोजण्यात आले. केवळ स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड दिलेल्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. त्यांच्या जोडीला पायराझिनामाइड दिले तेव्हा ते सुमारे ८ टक्क्यांवर आले आणि रिफाम्पिसिन दिले तेव्हा सुमारे ३ टक्क्यांवर. रिफाम्पिसिन म्हणजे लघवी केशरी करणारे तेच औषध. पुढे ही औषधे एकत्र करून आजचा सहा महिन्यांचा उपचार तयार झाला.

या आकड्यांत आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. फुप्फुसातील सगळे जंतू एकाच अवस्थेत नसतात. बहुतेक वेगाने वाढत असतात आणि त्यांना आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच मारते. म्हणून ताप उतरतो, खोकला थांबतो, भूक लागते. परंतु काही जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात. ते वाढत नाहीत, त्यामुळे वाढणाऱ्या जंतूंवर घाव घालणारी औषधे त्यांना फारशी लागू पडत नाहीत. मधूनच थोडा वेळ जागे होणाऱ्या अशा जंतूला नेमके तेव्हा गाठण्याचे काम रिफाम्पिसिन करते. दाह झालेल्या आम्लधर्मी भागात दडलेल्यांवर पायराझिनामाइडचा प्रभाव पडतो, आणि म्हणूनच ते पहिल्या दोन महिन्यांत दिले जाते. बरे वाटू लागते ते वेगाने वाढणारे जंतू मेल्यामुळे, तर उरलेले चार महिने असतात ते झोपलेल्या जंतूंसाठी. त्यांची कोणतीही जाणीव शरीराला होत नाही आणि बेडक्याच्या तपासणीतही ते सापडतीलच असे नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अपयशी ठरलेल्या एका चाचणीने दिला. १९३१ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांपैकी एकाऐवजी मॉक्सिफ्लॉक्सासिन देऊन उपचार चार महिन्यांत संपवता येतील का, हे तीत पाहिले गेले. अशा चाचणीत नवा उपचार जुन्याहून सरस असावा अशी अपेक्षा नसते. तो आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे निकृष्ट नाही एवढेच दाखवायचे असते आणि इथे ती मर्यादा ६ टक्क्यांची होती. नव्या औषधाने बेडक्यातील जंतू खरोखरच लवकर नाहीसे केले. त्यामुळे यश जवळ आल्यासारखे वाटत होते. पण पुढे रोग उलटला तो नव्या गटांत अधिक. सहा महिन्यांच्या गटात ९२ टक्के रुग्णांवरील उपचार यशस्वी ठरले, तर चार महिन्यांच्या दोन गटांत ८५ आणि ८० टक्क्यांवरील. बेडका लवकर स्वच्छ होणे म्हणजे रोग मुळातून जाणे नव्हे, हे यातून दिसले. अपयशी चाचणी प्रसिद्ध होणे किती महत्त्वाचे असते, हेही दिसले, कारण ती दडवली गेली असती तर मधल्या तपासणीवर विसंबून कोणीतरी चार महिन्यांचा उपचार रूढ केला असता.

सहा महिन्यांचे हे गणित एका अटीवर अवलंबून आहे. जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारा हवा. म्हणून निदान करताना क्षय आहे का, एवढेच विचारून आता भागत नाही, तो कोणत्या जंतूचा आहे हेही पाहावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि दिसले तरी ते कोणत्या औषधाला दाद देतील हे कळत नाही. बेडका वाढवून पाहण्याच्या कल्चर तपासणीला कित्येक आठवडे लागतात. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणी दोन तासांच्या आत दोन्ही उत्तरे देते. तिची मोठी परीक्षा लिमा, बाकू, केपटाउन, डर्बन आणि मुंबई येथील १७३० रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक रुग्ण तिने एकाच तपासणीत ओळखले. जंतू न दिसलेल्या, पण कल्चरमध्ये क्षय निघालेल्या रुग्णांपैकी मात्र सुमारे ७२ टक्केच तिला सापडले. गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही तपासणी याच तत्त्वावर चालते. तिचे यंत्र बॅटरीवर चालत असल्यामुळे विजेचा भरवसा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला मान्यता दिली.

तपासणी कितीही चांगली असली तरी तिचा निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समजा, निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना ती बरोबर निरोगी ठरवते. महिनाभर खोकणारे हजार जण केंद्रात आले आणि त्यांतील शंभरांना खरोखर क्षय असला, तर उरलेल्या नऊशेंपैकी फक्त नऊ जण चुकून रुग्ण ठरतील. तीच तपासणी एखाद्या गावात सरसकट हजार जणांवर केली आणि क्षय तिघांनाच असला, तर चुकून रुग्ण ठरणारे सुमारे दहा असतील, म्हणजे खऱ्या रुग्णांच्या तिप्पट. यंत्र तेच, अचूकता तीच, पण निकालाचा अर्थ वेगळा. म्हणूनच डॉक्टर लक्षणे, एक्स-रे आणि घरात कोणाला क्षय होता का, हे सगळे विचारतात. तसेच तपासणीचा निकाल नमुन्यावरही अवलंबून असतो. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला घट्ट बेडका आणि डबी भरायची म्हणून टाकलेली थुंकी यांत फार फरक आहे, आणि डबी हातात देताना हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे.

रिफाम्पिसिनला न जुमानणारा क्षय निघाला की काही वर्षांपूर्वीपर्यंत दीड ते दोन वर्षांचे उपचार आणि कित्येक महिने रोजची इंजेक्शने घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. दक्षिण आफ्रिकेत अतिशय कठीण क्षयाच्या १०९ रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीन औषधे सहा महिने देण्यात आली आणि त्यांपैकी ९८ जणांवरील उपचार यशस्वी ठरले. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा या क्षेत्रातील लोकांना अक्षरशः हायसे वाटले. तरीही त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि लिनेझोलिडमुळे ८१ टक्के रुग्णांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला होता, हे दोन्ही विसरून चालत नाही. म्हणून पुढील चाचण्यांत लिनेझोलिडचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड दिली गेली आणि जुन्या उपचारांशी थेट तुलना झाली. तीत नव्या गटातील ८९ टक्के रुग्णांवरील उपचार यशस्वी ठरले, जुन्या गटात केवळ ५२ टक्क्यांवरील. भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये या चार औषधांच्या उपचाराला मान्यता दिली.

मद्रासच्या चाचणीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आहार कमी असतानाही औषधांनी रोग बरा झाला, या निष्कर्षाचा पुढे अनेकांनी ‘क्षयात आहाराला महत्त्व नाही’ असा सोयीस्कर अर्थ काढला. चाचणीने तसे म्हटलेच नव्हते. तिने बेडक्यातील जंतूंविषयी विचारले होते आणि त्याचे उत्तर दिले होते. झारखंडमध्ये झालेल्या राशन्स या चाचणीने वेगळे प्रश्न विचारले. तीत २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे होती. सर्व रुग्णांना शिधा मिळाला, पण निम्म्या विभागांत घरच्यांनाही देण्यात आला. प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि संसर्गजन्य फुप्फुसक्षयाचे ४८ टक्क्यांनी. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूही बरेच कमी झाले. तांदूळ आणि डाळ! २०२३ मध्ये हे निष्कर्ष वाचले तेव्हा क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेतील दरमहा ५०० रुपयांची रक्कम किती अपुरी आहे, हे लख्ख दिसले. नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे, पण ती रुग्णासाठी आहे, घरच्यांसाठी नाही.

या सर्व चाचण्यांत माणसे सहभागी झाली म्हणून हे ज्ञान मिळाले, आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीतही बदल झाला आहे. १९४७ च्या चाचणीत विश्रांतीवर ठेवलेल्या रुग्णांना आपण अशा चाचणीत आहोत हे सांगितलेही नव्हते. आज भारतात नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली लेखी संमती यांशिवाय चाचणी सुरू करता येत नाही आणि ती आधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. नकार दिला किंवा मधूनच बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद नियमांत आहे. कोणी सहभागाविषयी विचारले तर वेळ मागून घ्यावा, कागद घरी आणून वाचावा आणि मनातला प्रत्येक प्रश्न विचारावा.

मुदत आणखी कमी करण्याचे प्रयत्नही थांबलेले नाहीत. सौम्य क्षय असलेल्या १२०४ मुलांवर युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतात चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे चेन्नई आणि पुणे येथे होती. चार महिने व सहा महिने अशा दोन्ही गटांत वाईट निष्पत्तीचे प्रमाण सुमारे ३ टक्के निघाले. त्यामुळे अशा मुलांना आता चार महिने पुरतात. मोठ्यांसाठी तर थेट आठ आठवड्यांचा प्रयोगही झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बेडाक्विलिन व लिनेझोलिड असलेले उपचार आठ आठवड्यांनी थांबवायचे, रुग्णावर बारीक लक्ष ठेवायचे आणि रोग उलटला तर पुन्हा पूर्ण उपचार द्यायचे, अशी ती रीत होती. या रीतीने रुग्णाच्या वाट्याला आलेले उपचाराचे दिवस सरासरी १८० वरून ८५ वर आले आणि दोन वर्षांच्या आसपास पाहिले तेव्हा एकूण निष्पत्ती नेहमीच्या उपचारांपेक्षा ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाईट नव्हती. मात्र लवकर थांबलेल्यांत रोग उलटणारे अधिक होते. त्यांना सांभाळता आले ते औषधे वेगळी होती, तारखेला तपासणी होत होती आणि रोग परतताच तो पकडला जात होता म्हणून. घरी, नेहमीच्या गोळ्यांवर, कोणालाही न सांगता दुसऱ्या महिन्यात थांबणाऱ्या रुग्णापाशी यांतले काहीच नसते.